काटा परत येतो

१

कुठलंही इंजिन खोलण्याआधी त्यात हवा भरून बघायची, ही मिस्तरींची जुनी खोड होती. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आलेलं असो, त्याला बाकड्यावर बसवून ते आधी इंजिनाची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद करत, एका तोंडाला हातपंप जोडून थोडीशी हवा आत सोडत आणि मग दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याकडे बघत निवांत चहा पीत. काटा जागचा हलला नाही तर इंजिन घट्ट. हळूहळू खाली आला तर कुठेतरी गळतंय; मग साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे शोधायचे. काट्याला करण्यासारख्या या दोनच गोष्टी होत्या, आणि पाण्यावरच्या यंत्रांत जन्मभर हात काळे केलेल्या माणसाला त्याच्याकडून तिसरं काही नको होतं.

त्यांची पत्र्याची शेड तलावाच्या काठावर होती. दुरुस्तीला आलेल्या बोटींच्या मोटरींनी ती कायम भरलेली असे. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली मात्र एक जेट स्की दोन वर्षं पडून होती. ही बसून चालवायची जात नव्हे, तिला आसनच नसतं. मागच्या उथळ खोबणीत गुडघे टेकायचे, वेग आला की उभं राहायचं आणि समोरच्या लांब दांड्याला धरून तोल सांभाळायचा. ती मिस्तरींच्या मुलाची होती. जुन्या घडणीच्या अशा जेट स्कीची एक गंमत असते. चालवणारा पडला तर ती पळून जात नाही, मंद होऊन त्याच्याभोवती गोल फिरत राहते, म्हणजे त्याला पोहत येऊन परत चढता यावं. त्या दिवशीही ती अशीच फिरत राहिली होती, पेट्रोल संपेपर्यंत. चढायला कोणी आलं नाही. पाणबुड्यांनी तलाव धुंडाळला, पण तळाशी गाळ आणि शेवाळ इतकं की हाती काहीच लागलं नाही.

घरात आता सासरा आणि सून, दोघंच. मुलाची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती. एके सकाळी सुनेने एक जड खोकं आणून कामाच्या टेबलावर ठेवलं. मुलाने जायच्या आधी मागवलेला इंजिनाचा किट होता तो: मोठ्या भोकाचं सिलिंडर, त्यात बसणारे पिस्टन, रिंगा, सांधे हवाबंद करायची गॅस्केटं. इंजिनाचा खालचा भाग तोच ठेवायचा, वरचा बदलायचा. आतली जागा वाढली की ताकद वाढते, एवढंच त्यातलं शास्त्र.

"बाबा, हे बसवून द्या," ती म्हणाली. "तलावावरच्या यंदाच्या शर्यतीत मी उतरणार आहे. त्याच्याच मशीनवर."

मिस्तरींनी नाही म्हणायची सगळी कारणं सांगून पाहिली. मशीन जुनं झालंय, किट जुना झालाय, तुझी सवय सुटली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की शर्यत झाली की ती भावाच्या गावी जाणार आहे, तिथे नोकरी ठरली आहे, पण हे केल्याशिवाय तिचा पाय इथून निघणार नाही. तलावाने त्यांच्या घरातला एक नेला होता. हिला ते नेऊ देणार नव्हते. त्यांनी एकच अट घातली: मनगटाला बांधायची दोरी बसवीन, पडलीस की दोरीला लावलेली किल्ली निघेल आणि इंजिन जागच्या जागी बंद पडेल. फिरत राहणं वगैरे काही नको. ती कबूल झाली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी इंजिन काढून टेबलावर घेतलं. तोंडं बंद केली, हवा भरली, चहाचा कप हातात घेतला. काटा खाली यायला लागला. यात नवल नव्हतं. पडून राहिलेल्या इंजिनाची सीलं वाळतातच. ते साबणाचं पाणी आणि ब्रश घ्यायला वळले, आणि परत बघतात तर काटा पुन्हा वर, होता तिथे.

त्यांनी आधी पत्र्यावर खापर फोडलं. पत्रा तापला की आतली हवा फुगते, शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. इंजिन ढकलत सावलीला नेलं, वर ओलं पोतं टाकलं. काटा खाली गेला, थोडा थांबला आणि परत आला. मग गेज बदलून पाहिलं. पंपाची नळी काढून तिथे बूच मारलं. काटा खाली गेला, थांबला, परत आला. ऊन काही असं लयीत तापत नाही.

पलीकडच्या धक्क्यावरचा नाववाला पान्याच्या निमित्ताने गप्पा छाटायला आला होता. मिस्तरींचा बरोबरीचा माणूस, दोघांचं अरे-तुरेचं नातं. त्याने कमरेवर हात ठेवून थोडा वेळ काट्याकडे पाहिलं आणि गेज कामातून गेलंय असा निकाल दिला. म्हाताऱ्या माणसाने नवीन गेज घ्यायलाही कंजूषपणा करावा याची त्याने यथेच्छ टिंगल केली आणि पाना घेऊन निघून गेला. हे दुसरं गेज आहे, असं मिस्तरी त्याला बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोललं असतं तर ती गोष्ट खरी झाली असती, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

गळणाऱ्या इंजिनात हवा बाहेर जाते. गेलेली हवा परत आत येण्यासाठी कोणाला तरी ती ओढून घ्यावी लागते. हा विचार मनात आला तसा त्यांनी तो झटकून टाकला, कप विसळला आणि बोल्ट ढिले करायला घेतले. उघडलं की कळेलच, आत काय आहे ते.

३

आत काहीच नव्हतं.

वरचं झाकण निघालं, जुनं सिलिंडर निघालं, पिस्टन उघडे पडले. पिस्टनच्या पिनेला जी तारेची बारीक कडी असते, ती काढताना निसटून खाली पडली की सगळा खालचा भाग खोलावा लागतो. म्हणून मिस्तरींनी सवयीने खालच्या तोंडांत फडकी कोंबली, कड्या काढल्या, पिस्टन उतरवले. गंज नव्हता. गाळ नव्हता. दोन वर्षांपूर्वी आपणच आत तेल सोडून ठेवलं होतं, त्याचा हा गुण, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

फडकी बाहेर काढली तेव्हा ती ओलसर होती. तेलाने नव्हे. त्यांनी बॅटरी लावून आत पाहिलं. पोलादी क्रँकवर, पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर, वाफेचा पातळ थर होता, थंडीत खिडकीच्या काचेला तोंड लावून उभं राहिलं की धरतो तसा. बोटाने पुसला. बोटाची रेघ स्वच्छ चमकली आणि बघता बघता पुन्हा धूसर झाली. दुपारची वेळ, पत्र्याखाली अंगाची लाही होत होती. असल्या उकाड्यात गरम लोखंडावर वाफ धरत नाही. मिस्तरींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण हातातलं काम माणसाला पुढे ओढतं, तसं त्यांनाही ओढलं.

मोठं सिलिंडर जुन्या बुडावर सरळ बसत नाही. त्याच्या हवेच्या वाटा जास्त रुंद असतात, म्हणून खालचं तोंडही घासून तेवढंच रुंद करावं लागतं. नवीन गॅस्केट ठेवून मिस्तरींनी खुणा केल्या, भुगा आत पडू नये म्हणून तोंडांत पुन्हा कोरडी फडकी कोंबली आणि ग्राइंडर चालू केला. ॲल्युमिनियमचा चकचकीत भुगा उडत होता. हे काम त्यांच्या आवडीचं होतं. जरा जास्त घासलं तर सगळं वाया, जरा कमी घासलं तर हवा अडखळते, आणि त्यांचा हात या मधल्या जागेत बरोबर थांबायचा. पण त्या दिवशी घासता घासता एक वेडगळ विचार त्यांच्या डोक्यात शिरला आणि निघेना. कोणीतरी दाटीवाटीने राहतंय आणि आपण त्याची खोली वाढवून देतोय.

त्यांनी ग्राइंडर बंद केला. आता काहीच हलायला नको होतं. पण तोंडात कोंबलेलं फडकं किंचित वर उचललं गेलं आणि परत खाली बसलं.

सुनेने हाक मारली, जेवण थंड होतंय म्हणून. मिस्तरींनी हात धुतले आणि जेवायला गेले. तिने विचारलं, सगळं नीट आहे ना? ते म्हणाले, नीट आहे.

४

जोडणीत त्यांनी कसर ठेवली नाही. रिंगांच्या फटी मोजल्या, पिस्टनवरचे बाण धुराच्या बाजूला केले, सगळीकडे तेलाचं बोट फिरवलं आणि सिलिंडर इतक्या हळुवार खाली आणलं की रिंगा आपणहून आत सरकल्या. बोल्ट आळीपाळीने आवळले. सीलं नवी, गॅस्केटं नवी. आता गळायला जागाच नव्हती. मग तोंडं बंद करून त्यांनी हवा भरली.

काटा खाली गेला. आधीपेक्षा खूप खाली, सावकाश. तळाशी थांबला. मग वर यायला लागला, आणि अर्ध्या वाटेवर अडकला. अडकलेलाच राहिला. मिस्तरींचाही श्वास अडकला. मग एक बारीक झटका बसला आणि काटा उरलेली वाट चढून गेला.

मिस्तरी स्टुलावर बसले. ही अडखळ त्यांच्या ओळखीची होती.

मुलगा लहान असताना त्याच्या नाकात मांस वाढलं होतं. झोपेत त्याचा श्वास असाच मधेच अडकायचा. बायको नाही, घरात दुसरं माणूस नाही; हा एकटा बाप पोराच्या छातीवर तळवा ठेवून पडून राहायचा आणि श्वास अडकला की तो सुटेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. मग तो झटका बसायचा. ती इवलीशी छाती वर यायची. त्या झटक्यासाठी मिस्तरींनी किती वेळा कोणाकोणाचे उपकार मानले असतील, त्याला गणती नव्हती.

आणि आता ते घाबरले नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना आनंद झाला. दोन वर्षांत झाला नव्हता इतका. त्यांनी सिलिंडरवर तळवा ठेवला आणि लहान मुलासारखे रडले.

त्यानंतर काम संपेचना. सुनेने विचारलं की सांगायचे, गॅस्केट बसू दे. परत विचारलं की, बोल्ट पुन्हा आवळायचे आहेत. दुपारी शेडचं दार लोटून घ्यायचे आणि गेजसमोर बसायचे. काय काय बोलायचे त्याच्याशी. तिच्या नोकरीचं, नाववाल्याच्या गुडघ्यांचं, आपल्या चुकांचं. शेवटी एक दिवस ती दार ढकलून आत आली.

"बाबा, तुम्ही मला अडवताय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नाही म्हणायचं असेल तर तसं सांगा. पण खोटं नका बोलू."

मिस्तरींनी तिच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. आणि त्या क्षणी त्यांनी मनाशी असा हिशेब मांडला, जो फक्त बापालाच सुचू शकतो. तो आत आहे. म्हणजे आता ती पाण्यावर एकटी नाही. तो असताना तिच्या केसालाही धक्का लागणार नाही.

"उद्या सकाळी पाण्यात उतरवू," ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी तोंडावरची पट्टी सोडली. कोंडलेली हवा बोटांवर सुटली, कोमट. मग त्याच बोटांवरून ती परत आत गेली.

५

सकाळ स्वच्छ होती. तलावावर वाऱ्याची झुळूक नव्हती. नवीन पिस्टन रुळेपर्यंत पेट्रोलमध्ये तेल जास्त घालायचं असतं. मिस्तरींनी ते स्वतः ढवळून भरलं आणि सुनेला बजावलं की पहिली टाकी संपेपर्यंत पूर्ण वेग नाही. तिने लाइफ जॅकेटचे बंद आवळले, दोरी मनगटाला बांधली, किल्ली जागेवर खोचली. नाववाला आपल्या बोटीत बसून बघत होता. मिस्तरींनीच त्याला बोलावलं होतं, काळजी म्हणून नव्हे, सोबत म्हणून. काळजी त्यांना उरली नव्हती.

ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून जेट स्की वळवत होती, तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी वाकून, हळू आवाजात तिला सगळं सांगून टाकलं. काटा, वाफ, फडकं. घाबरू नकोस, म्हणाले, तो आहे. श्वास अगदी त्याचाच आहे, तसाच मधे अडकतो आणि मग सुटतो. तू तर रोज ऐकला असशील.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी कीव आली, मग कीव गेली.

"बाबा, त्याचा श्वास ऐकूच यायचा नाही," ती म्हणाली. "लग्नानंतर सुरुवातीला मी घाबरायचे. नाकापाशी बोट धरून बघायचे, जिवंत आहे ना म्हणून. अडकायचा वगैरे कधीच नाही."

तेव्हा मिस्तरींना आठवलं. शाळेत असतानाच डॉक्टरांनी ते मांस काढून टाकलं होतं. त्या पहिल्या रात्री घर इतकं शांत झालं की तेच दचकून उठले होते. पुढे पोरगा मोठा झाला, त्याची खोली वेगळी झाली. तलावात जो गेला, त्या मोठ्या माणसाचा झोपेतला श्वास बापाने ऐकलेलाच नव्हता. ती अडखळ आता जगात एकाच जागी उरली होती, मिस्तरींच्या आठवणीत.

मग आतलं ते जे काही होतं, ते ही अडखळ कुठून शिकलं?

थांब, असं मिस्तरी म्हणाले, पण कदाचित तोंडातून आवाज फुटला नसेल. तिने डोळे पुसले. म्हातारा दुःखाने भ्रमला आहे एवढंच तिला वाटलं असणार. तिने बटण दाबलं. मोठ्या सिलिंडरचा घनगंभीर आवाज पाण्यावर पसरला आणि तिला काही ऐकू जाईनासं झालं.

६

पहिली फेरी तिने छान घेतली. दुसऱ्या फेरीला तलावाच्या मध्यावर वळताना जेट स्की एका अंगाला कलली आणि ती पाण्यात पडली. यात काही विशेष नाही. शिकलेली माणसंही पडतात. आता इंजिन बंद पडायला हवं होतं.

ते बंद पडलं नाही. आवाज खाली आला, मंद झाला आणि जेट स्की तिच्याभोवती गोल फिरू लागली.

मिस्तरी बोटीत कसे चढले ते त्यांना कळलं नाही. नाववाल्याने काही न विचारता मोटर खेचली. जवळ जाताना दिसत होतं की वर्तुळ लहान लहान होत चाललंय. सून पोहत नव्हती. जागच्या जागी पाय मारत, जेट स्की जिकडे जाईल तिकडे तोंड फिरवत होती, तिला पाठ द्यायची हिंमत होत नसल्यासारखी. बोट वर्तुळाच्या आत घुसली, तशी मिस्तरींनी दोन्ही हातांनी तिचं जॅकेट धरलं आणि होती नव्हती ती ताकद लावून तिला वर ओढलं. ती बोटीच्या तळाशी पडून खोकत राहिली. दोरी मनगटाला होती, आणि दोरीच्या टोकाला किल्लीही होती.

"दांडा का पडत नाहीये?" नाववाला म्हणाला.

या जातीच्या जेट स्कीचा दांडा बिजागरीवर असतो. धरलेला असतो तेवढा वेळच तो वर राहतो, सोडला की धाडकन पुढच्या अंगावर आपटतो. आत ना स्प्रिंग, ना खटका. मिस्तरींनी तो स्वतः बसवला होता. आता तो पडला नव्हता. पण मोठ्या माणसाने धरावा तितका वरही नव्हता. अर्ध्यावरच होता. मागच्या खोबणीत उभं राहून एखाद्या लहान पोराने धरावा, इतकाच.

जेट स्की वळली आणि संथपणे बोटीच्या कडेला येऊन थांबली. इंजिन चालू होतं. हँडलच्या रबरी मुठींतून पाणी निथळत होतं, आणि ते रबर दाबलं गेलेलं होतं. चार चार खळगे, अगदी जवळजवळ, अगदी बारीक. नाववाल्याने तोंड फिरवलं आणि तो बंद केलेल्या मोटरची दोरी खेचू लागला, पण मोटर काही धरेना.

इंजिनाचा आवाज हळूहळू उतरत गेला. तळाशी थांबला. वर यायला लागला आणि मधेच अडकला. मिस्तरी तो सुटायची वाट बघत होते, तळवा उघडा धरून, पूर्वी बघायचे तशी. आवाज सुटेना. तो त्यांच्यासाठी अडून राहिला होता हे त्यांना कळत होतं, आणि कळूनही छाती फुटायची वेळ आली होती.

सुनेने मागून त्यांचा शर्ट मुठीत घट्ट धरला.

"बाबा," ती म्हणाली, "तो आपला नाही."

"माहीत आहे," मिस्तरी म्हणाले, आणि बोटीबाहेर वाकून त्यांनी हात पुढे केला.